स्लॅबलाही शाकारणी हवी

मृग लागायच्या आत घर शाकारून झालं पाहिजे, हा मावळातला जुना दंडक. वैशाखात कौलं उतरायची, फुटकी बाजूला पडायची, वासे आणि रिपा ठोकून बघितल्या जायच्या, वाळवी लागलेला वासा बदलला जायचा, पन्हळीतला पाचोळा निघायचा आणि मग कौलं पुन्हा चढायची. पवन मावळ असो की नाणे मावळ, ज्याच्या डोक्यावर छप्पर होतं त्याला हे चुकलं नाही. या कामाला इंजिनिअर लागत नव्हता. पण इमारतीच्या देखभालीसाठी आज इंजिनिअर जे जे मागतो ते सगळं त्यात होतं. तारीख ठरलेली होती, माणूस ठरलेला होता, वर्षाच्या खर्चात पैसे धरलेले होते आणि घराचा सांगाडा वर्षातून एकदा उघडा करून बघणं भाग होतं.

मग स्लॅब आला. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा, सगळीकडे १९८०च्या पुढे एकेक वाडा, एकेक बैठं घर पडत गेलं आणि त्या जागी तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. आता छपरावर चढायची कटकट संपली, असं स्लॅबच्या घराबद्दल सगळ्यांनी धरून चाललं. शाकारणी संपली आणि तिच्या जागी दुसरं काहीच आलं नाही. मावळातल्या इमारतींच्या आजच्या दुखण्याच्या मुळाशी मला हे दिसतं. कंत्राटदाराने सिमेंट मारलं, वाळू मातकट होती, नगरपरिषदेने डोळेझाक केली, या तक्रारी आपापल्या जागी खऱ्या असतील. पण चांगली बांधलेली इमारतसुद्धा वीस-पंचवीस वर्षं कोणी निगुतीने बघितली नाही तर इथल्या पावसात तग धरत नाही.

इथल्या पावसात, असं मी मुद्दाम म्हणतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात तो सातशे-आठशेच्या घरात असतो. तरी दोन्हीकडचे नकाशे बहुतेक वेळा एकाच कार्यालयात निघतात, ठेकेदार तेच, काँक्रीटचं मिश्रण तेच, बाहेरच्या भिंतीचं प्लास्टर तेवढ्याच जाडीचं. भारतीय मानक आयएस ४५६ची २०००ची आवृत्ती या बाबतीत स्पष्ट बोलते. जोराच्या पावसाला उघडं असलेलं आणि आलटून पालटून भिजणारं-वाळणारं काँक्रीट तिने ‘तीव्र’ वर्गात टाकलं आहे. त्यासाठी किमान एम ३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर काँक्रीटचं ४५ मिलिमीटरचं कव्हर सांगितलं आहे. सौम्य वातावरणात एम २० आणि २० मिलिमीटर चालतं. म्हणजे घाटमाथ्यावरच्या इमारतीच्या पश्चिमेकडच्या बीमला आणि छज्ज्याला जे द्यायला हवं, ते आणि प्रत्यक्षात दिलं जातं ते यांत दुपटीपर्यंत फरक पडू शकतो. २०००च्या आधीच्या इमारतींची गोष्ट याहून अवघड. मानकाच्या १९७८च्या आवृत्तीत आरसीसीला एम १५सुद्धा चालत होतं आणि साइटवर ते घमेल्याने मोजून कालवलं जायचं. आज लोणावळ्यात आणि तळेगावात जे कॉलम तडकलेले दिसतात त्यांतले पुष्कळसे त्या पिढीतले आहेत.

सळईला गंज चढतो तो नेमका कसा, हे प्रत्येक फ्लॅटधारकाला माहीत असायला हवं असं मला वाटतं, कारण हे एकदा कळलं की देखभालीची तारीख आपोआप कळते. ताजं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं, त्याचा सामू साडेबारा-तेराच्या आसपास असतो. त्या अल्कतेत सळईवर एक पातळ संरक्षक थर धरतो आणि तो असेपर्यंत गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या छिद्रांतून हळूहळू आत जातो आणि ही अल्कता मारत जातो. हे काम काँक्रीट पूर्ण भिजलेलं असताना फारसं होत नाही, मध्यम कोरड्या हवेत ते जोरात होतं. उलट, अल्कता गेल्यावर सळई गंजायला ओल लागते. आता मावळाचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. आठ महिने कोरडे, चार महिने चिंब. कोरड्या महिन्यांत कार्बन डायऑक्साइड आत सरकतो, पावसाळ्यात गंज आपलं काम करतो, आणि दर वर्षी हे दोघे पाळीपाळीने येतात. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढतं, त्यामुळे आतूनच दाब येऊन कव्हर फुटतं. बीमच्या खालच्या अंगाला सळईला समांतर जाणारी बारीक आडवी चीर दिसली की समजावं, हे रंगाचे पोपडे नाहीत.

पाणी आत गेलं नाही तर यातलं अर्धं टळतं. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला ज्या लाकडी कमानी आहेत त्या मूळच्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. याच सह्याद्रीत, याच पावसात लाकूड एवढं टिकलं, कारण वर अख्खा कातळ आहे आणि पाण्याला तिथवर पोचायला वाट नाही. आपल्या इमारतींत पाण्याच्या वाटा आपणच करून ठेवतो. टेरेसवरचा पाण्याचा पाईप कागदाने, पानांनी तुंबतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात गच्चीचं तळं होतं. पॅरापेटच्या डोक्यावरचं प्लास्टर फुटलेलं असतं. बाथरूमच्या भिंतीबाहेरच्या सांध्यात पिंपळ उगवतो आणि तो ‘देवाचं झाड’ म्हणून कोणी काढत नाही. डाऊनटेक पाईपचा सांधा निसटून पाणी तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत एकाच कॉलमवरून वाहत राहतं. यांतली प्रत्येक गोष्ट मे महिन्यात एका दिवसात, एका प्लंबरने आणि एका गवंड्याने सुधारता येते. सात-आठ वर्षांनी तिथेच जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती नव्या काँक्रीटचं वेष्टण, करायची वेळ येते, तेव्हा त्याच कॉलमला लाखांत पैसे लागतात.

आणि गळती वाढली की काय केलं जातं? वर आणखी एक थर. जुन्या ब्रिकबॅट कोब्यावर नवा कोबा, त्यावर काही वर्षांनी चायना चिप्स, त्यावर रसायनाचा थर. जुना कोबा फोडून काढायचं काम घाणेरडं आणि खर्चाचं असतं, म्हणून तो तसाच राहतो. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर दहा सेंटिमीटरचा एक जादा थर म्हणजे सुमारे वीस टन वजन. ज्या स्लॅबच्या सळया गंजून बारीक होत चालल्या आहेत, त्याच स्लॅबवर आपण दुरुस्तीच्या नावाने वीस टन चढवतो. लोणावळ्यात भाड्याने दिल्या जाणाऱ्या व्हिलांमध्ये तर याच्याही पुढचं पाऊल पडलं आहे. मूळ बंगला राहण्यासाठी बांधलेला, आता त्याच्या गच्चीवर पोहण्याचा तलाव आला. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल तलावातलं नुसतं पाणीच बावीस टनांच्या वर भरतं. त्यात शनिवार-रविवारी माणसं उतरतात. खालचा हॉल मोठा दिसावा म्हणून एखादी भिंतही काढलेली असते. हे बदल कोणत्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासले, असा प्रश्न आरक्षण करणारा पाहुणा विचारत नाही. परवाना देणाऱ्याने तरी तो विचारलाच पाहिजे.

‘पण स्ट्रक्चरल ऑडिटचा नियम आहे ना?’ असं लगेच विचारलं जातं. आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. नियम चांगला आहे, पण तो शाकारणीची जागा घेऊ शकत नाही. एक तर तो पंधराव्या वर्षी सुरू होतो. रेरा कायद्यातल्या १४व्या कलमाप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत संरचनेतले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. पाचवं वर्ष संपलं की बिल्डर मोकळा, आणि पंधरावं लागेपर्यंत इंजिनिअरला बोलावण्याची कोणतीही ठरलेली तारीख नाही. दहा वर्षांचं हे मधलं पोकळ अंतर इमारतीच्या आयुष्यात सगळ्यांत महत्त्वाचं असतं, कारण दोष स्वस्तात सुधारण्याचा काळ तोच. महाडची तारिक गार्डन ही इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली, १६ माणसं गेली. ती बांधून दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. वयाच्या नियमाने तिच्या ऑडिटची पाळी आलीच नसती. महाड हे नगरपरिषदेचं गाव आहे, तळेगाव आणि लोणावळ्यासारखंच. मुंबईतली इमारत पडली की आपण ती मुंबईची गोष्ट म्हणून वाचतो. महाडची तशी वाचता येत नाही.

दुसरं म्हणजे ऑडिट कसं केलं जातं ते. तीन कोटेशनं मागवतात, सगळ्यांत स्वस्त निवडतात. इंजिनिअर एका सकाळी येतो, चार फोटो काढतो, दोन-तीन ठिकाणी रिबाउंड हॅमर मारतो आणि पंधरा दिवसांनी बांधलेला अहवाल येतो. हॅमर फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो. कार्बोनेशन झालेलं जुनं काँक्रीट वरून उलट जास्तच कठीण लागतं. आतलं कळायला अल्ट्रासॉनिक चाचणी हवी, सळईच्या गंजाचा अंदाज यायला हाफ-सेल चाचणी हवी, काही ठिकाणी कोअर काढायला हवेत. आणि सगळ्यांत सोपी चाचणी म्हणजे फिनॉल्फ्थॅलिनची: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर ते शिंपडलं की अल्कता शाबूत असलेला भाग गुलाबी होतो आणि मेलेला भाग तसाच राहतो. सळई गुलाबी भागात आहे की बाहेर, हे कोणालाही डोळ्यांनी दिसतं. हे सगळ्या सभासदांच्या देखत करावं, असा माझा आग्रह असतो, कारण अहवालाच्या चाळीस पानांनी जे पटत नाही ते या एका डागाने पटतं. कितीतरी सोसायट्यांच्या सभांना मी बसलो आहे. तिथे अहवाल वाचला जात नाही, फक्त ‘इमारत सुरक्षित आहे ना?’ एवढंच विचारलं जातं आणि ‘सध्या तरी आहे’ हे उत्तर इतिवृत्तात जातं.

स्वस्त ऑडिटपेक्षाही घातक प्रकार म्हणजे फुकट पाहणी. वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार येतो, मोफत तपासणी करतो आणि आपल्याकडे जे रसायन आहे तेच औषध सांगतो. ज्याला काम मिळणार त्यानेच रोग ठरवायचा, हे मुळातच चुकीचं आहे. सल्लागार वेगळा हवा आणि ठेकेदार वेगळा. कामाचं परिमाणपत्रक सल्लागाराने लिहायचं, निविदा त्याने तपासायच्या, काम चालू असताना गंजलेली सळई घासून स्वच्छ झाली का, पॉलिमर मॉर्टर भरण्याआधी जुनं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढलं का, हे त्याने उभं राहून बघायचं. त्याच्या फीचे पैसे वाचवणारी सोसायटी तेवढे पैसे दुसरीकडे कितीतरी पटींनी घालवते, हे मी इतक्या वेळा बघितलं आहे की यावर माझं मत आता बदलणार नाही.

सगळं माहीत असूनही माणसं कशी मरतात, हे मावळाने १५ जून २०२५ला बघितलं. इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल त्या रविवारी दुपारी गर्दीच्या भाराने कोसळला. चौघांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल साधारण तीस वर्षांचा होता. तो धोकादायक आहे हे ठाऊक होतं, तसा फलक लावलेला होता, नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. म्हणजे तपासणीअभावी हे घडलं असं म्हणता येत नाही. निष्कर्ष होता, कागद होता, निधी होता. नव्हता तो एकच: पावसाळी रविवारी तिथे गर्दी होणार हे ओळखून पूल खरोखर बंद ठेवण्याची जबाबदारी ज्याच्या अंगावर आहे असा माणूस. दुर्घटनेनंतर तपासणीचे आदेश निघाले, ते योग्यच. पण ज्या पुलाचा धोका आधीच कळलेला होता त्याच्या अपघातावर आणखी तपासण्या हे अपुरं उत्तर आहे. तपासणीनंतर चोवीस तासांत कोण काय करणार हे ज्या कागदावर लिहिलेलं नाही, तो कागद माझ्या दृष्टीने अर्धवट आहे.

धोका दिसताच कोणीतरी थांबवणं या डोंगरात अशक्य आहे असं कोणी म्हणू नये. बोरघाटातली रेल्वे १८६३पासून चालू आहे. सदतीस फुटांत एक फूट चढ, कातळात खोदलेले बोगदे, वरून सुटणारे दगड, आणि तोच चार हजार मिलिमीटरचा पाऊस. तिथे दर वर्षी पावसाळ्याआधी हिल गँगची माणसं दोर बांधून कड्यांवर चढतात, सैल झालेले दगड शोधून खाली पाडतात. पावसाळाभर गस्तीवाले रुळांवरून चालत फिरतात. एवढं करूनही निसर्ग कधी कधी भारी पडतो. २०१९च्या पावसाने मंकी हिल ते नागनाथ दरम्यान मार्गाची मोठी हानी केली आणि ती भरून काढायला काही महिने लागले. पण धोका दिसला की गाडी थांबते, कारण थांबवण्याचा अधिकार कोणाचा हे ठरलेलं आहे. धरणांचंही तसंच. वळवणचं धरण शंभरीच्या पुढे गेलं, पवना धरणाने पन्नाशी ओलांडली. २०२१च्या धरण सुरक्षा कायद्याने अशा धरणांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, वर्षातून दोनदा तपासणी बंधनकारक केली आहे. या धरणांच्या आसऱ्याने वसलेल्या गावांत मात्र चार मजली इमारत पंधरा वर्षं कोणी न बघता उभी राहू शकते. घाटाला आणि धरणाला जी शिस्त आपण लावली, ती घरांना लावायला आपल्याला काय आडवं येतं?

पैसा आडवा येतो, असं उत्तर मिळतं. ते मी पूर्ण मानत नाही. आदर्श उपविधींमध्ये दुरुस्ती-देखभाल निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के सांगितले आहेत. दोन्ही मिळून एक टक्का. एखाद्या सदनिकेचा बांधकाम खर्च बारा लाख धरला तर वर्षाला बारा हजार, महिन्याला हजार रुपये. चाळीस सदनिकांच्या सोसायटीत वर्षाला चार लाख ऐंशी हजार जमतात, वीस वर्षांत व्याज न धरता शहाण्णव लाख. एवढ्या पैशात दर मे महिन्याची डागडुजी होते आणि विसाव्या वर्षी मोठी दुरुस्तीही होते. प्रत्यक्षात काय होतं? महिन्याचा मेंटेनन्स कमी ठेवला हीच कमिटीची कर्तबगारी मानली जाते. लिफ्ट, पाणी, वॉचमन, विजेचं बिल भागलं की पावती फाडून मोकळं. आणि जिथे हा निधी गोळा होतो तिथेही तो बांधकामाच्या जुन्या खर्चावर मोजला जातो, त्यामुळे महागाई त्याला दर वर्षी मागे टाकते. दर पाच वर्षांनी आर्किटेक्टकडून आजच्या दराने खर्च काढून घ्यावा आणि त्यावर टक्के लावावेत. सभा हे ठरवू शकते.

थोडं थोडं पण चुकता न जमवण्याची बुद्धी मराठी माणसाला नवी नाही, आणि मावळाला तर मुळीच नाही. तळेगावचा काच कारखाना १९०८मध्ये उभा राहिला तो पैसा फंडातून. अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना, दर माणशी वर्षाला एक पैसा, आणि त्यातून स्वदेशी उद्योग. त्याच्याही अठराशे वर्षं आधी नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदात या दात्याने कोरून ठेवलं आहे की भिक्षूंच्या चिवरांसाठी आणि किरकोळ खर्चासाठी त्याने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे तीन हजार कार्षापणं ठेवली. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं. त्याच उषवदाताने कार्ल्याच्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी एक गाव दिल्याचा लेख कार्ल्याच्या लेण्यातच आहे. लेणं कोरून झालं की काम संपलं असं त्या माणसांना वाटत नव्हतं. वास्तूबरोबर तिच्या पुढच्या पिढ्यांचा खर्चही बांधून द्यायचा असतो, हे त्यांना कळत होतं. आपण चाव्या आणि नारळ घेऊन गृहप्रवेश करतो, पण खर्चाची ती व्यवस्था बघत नाही.

तरीही लोणावळ्याची एक अडचण मला खरी वाटते. इथल्या कितीतरी इमारतींमधल्या निम्म्याहून अधिक सदनिका सेकंड होम आहेत. मालक मुंबईत, पुण्यात, कोणी परदेशात. घर वर्षातले दहा-अकरा महिने बंद. बंद घरात हवा खेळत नाही, भिंतीला बुरशी धरते, कपाटामागचं प्लास्टर गळून पडतं आणि वरच्या बाथरूमची गळती खालच्या बंद फ्लॅटमध्ये दोन पावसाळे कोणाला दिसतही नाही. सभेला गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, तहकूब सभेला पाच माणसं येतात आणि मोठा खर्च मंजूर करायला ती कचरतात. जो कायम राहतो त्याला गळती दिसते पण त्याच्याकडे मतं नाहीत, आणि ज्यांच्याकडे मतं आहेत ते कोजागरीला येतात तेव्हा भिंती वाळलेल्या असतात. या सोसायट्यांसाठी माझी सूचना साधी आहे. देखभालीचा वार्षिक करार एखाद्या स्थानिक इंजिनिअरशी करावा, त्याला किल्ल्यांसह प्रत्येक सदनिकेत मे आणि ऑक्टोबरमध्ये शिरण्याची लेखी परवानगी द्यावी, आणि ठरावीक मर्यादेपर्यंतचा खर्च सभेला न विचारता करण्याचा अधिकार कमिटीला आधीच द्यावा. ऑनलाइन सभा, फोटोंसह अहवाल, हे सगळं आता सोपं झालं आहे. गैरहजर मालकाचा हक्क कोणी नाकारत नाही, पण त्याच्या गैरहजेरीचा भार राहणाऱ्याच्या डोक्यावरच्या स्लॅबने का सोसावा?

देखभाल टाळण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते कोणी मोठ्याने बोलत नाही. दुरुस्तीला आपले पैसे जातात. पुनर्विकासात मात्र फुकट मोठा फ्लॅट मिळतो असा समज आहे. मग इमारत जितकी लवकर मोडकळीला येईल तितकं बरं, असा हिशेब काही सभासदांच्या मनात सुरू होतो. दुर्लक्षाला बक्षीस मिळायला लागलं की देखभाल मरते. मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. ज्या इमारतीच्या कॉलममध्ये जीव उरला नाही तिथे दुसरा मार्गही नसतो. पण डिसेंबर २०२०मध्ये राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली तेव्हा लोणावळा नगरपरिषदेचं क्षेत्र तिच्यातून वगळण्यात आलं होतं. डोंगरमाथ्यावरच्या, पावसाच्या गावात चटईक्षेत्र हवं तसं वाढू नये हेच योग्य आहे. तेव्हा लोणावळ्यात बिल्डर येऊन सोडवील या भरवशावर गळक्या छताखाली बसणं हा जुगार आहे. तळेगावात कदाचित बिल्डर मिळेलही, पण तो येईपर्यंतच्या दहा पावसाळ्यांत इमारतीने काय करायचं?

जुन्या दगडी बंगल्यांबद्दल थोडंसंच. खंडाळ्यात आणि लोणावळ्यात चुन्यात बांधलेल्या जाड भिंतींचे बंगले अजून आहेत. त्यांच्यावर सिमेंटचं प्लास्टर आणि वर प्लास्टिक रंग चढवू नये. चुन्याची भिंत ओल शोषते आणि उन्हाळ्यात सोडून देते. सिमेंट तिला आत कोंडतं आणि भिंत आतून भुसभुशीत होते. चुन्याची घाणी आणि तिच्यावर काम करणारे कारागीर किल्ल्यांच्या जतनाच्या कामांमुळे काही प्रमाणात टिकून आहेत. लोहगड २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, त्याच्या पायथ्याच्या तालुक्यात चुन्याचं काम जाणणारे गवंडी तयार करणं अवघड असू नये.

नगरपरिषदा दर उन्हाळ्यात धोकादायक इमारतींची यादी करतात आणि नोटिसा लावतात. राहणारा भाडेकरू नोटीस वाचतो आणि हलत नाही, कारण एकदा बाहेर पडलो की जागेवरचा हक्क गेला अशी त्याला भीती असते. ती भीती निराधार नाही. म्हणून घर रिकामं करताना त्याच्या ताब्याचा आणि क्षेत्रफळाचा सही-शिक्क्याचा दाखला नगरपरिषदेने त्याच दिवशी हातात द्यायला हवा. नाही तर नोटीस म्हणजे फक्त अधिकाऱ्याने आपली बाजू सुरक्षित केल्याचा पुरावा उरतो. त्याहून महत्त्वाचं काम म्हणजे इमारतींची नोंदवही. लोणावळा, तळेगाव आणि वडगाव यांच्या हद्दीतल्या प्रत्येक तीन मजल्यांवरच्या इमारतीची एक नोंद: बांधकामाचं वर्ष, शेवटची दुरुस्ती, वापरातला बदल, शेवटची पाहणी कोणी केली आणि त्यावर काय झालं. कुसगावला आणि तळेगावला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली पहिली पाहणी केली तर दोन वर्षांत ही वही भरेल, आणि तपासणी म्हणजे काय हे त्या मुलांनाही वर्गापेक्षा चांगलं कळेल. ही वही सर्वांना बघता आली पाहिजे. घर विकत घेणाऱ्याला सातबारा आणि इंडेक्स टू बघता येतो, मग त्याच घराच्या कॉलमची तब्येत का बघता येऊ नये?

सहकार कायद्याप्रमाणे प्रत्येक सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. मावळासाठी ही तारीख अगदी योग्य आहे, कारण तोवर भिंती वाळलेल्या नसतात आणि गळतीच्या खुणा ताज्या असतात. तुम्ही मावळात राहत असाल किंवा इथे तुमचं घर असेल, तर यंदा सभेच्या नोटिशीआधीच सेक्रेटरींना एक पत्र द्या. त्यात तीन विषय घाला: दर मे आणि ऑक्टोबरमध्ये ठेकेदाराशी संबंध नसलेल्या इंजिनिअरकडून पाहणी, आजच्या दराने काढलेल्या बांधकाम खर्चावर एक टक्का निधी, आणि पाहणीत धोका निघाला तर जागा बंद करण्याचा अधिकार कोणाकडे असेल त्याचं नाव. सभेला स्वतः जा, शक्य नसेल तर ऑनलाइन हजर राहा, आणि हे तिन्ही ठराव इतिवृत्तात लिहिले जाईपर्यंत उठू नका.